चांदीपुऱ्याचा ताप आणि उंदराचे प्रथिन

नागपूरजवळच्या चांदीपुरा या खेड्याचे नाव जगभरच्या वैद्यकीय ग्रंथांत गेले आहे. परंतु त्यात अभिमान वाटावा असे काही नाही. १९६५ साली तापाने आजारी पडलेल्या दोन रुग्णांच्या रक्तात पुण्याच्या विषाणू संशोधन केंद्रातील शास्त्रज्ञांना एक नवा विषाणू आढळला आणि गावाच्या नावावरून त्याचे बारसे झाले. पुढे जवळजवळ चार दशके त्याची दखल फारशी कोणी घेतली नाही. २००३ साली तत्कालीन आंध्र प्रदेशात मेंदूज्वराने ३२९ मुले आजारी पडली व त्यांतील १८३ दगावली, तेव्हा हे विस्मृत नाव पुन्हा पुढे आले. २००७ साली साथ नागपूर विभागात आली. २०२४ च्या पावसाळ्यात प्रामुख्याने गुजरातेत मेंदूज्वराचे २४५ रुग्ण नोंदले गेले, ८२ मृत्यू झाले आणि ६४ रुग्णांत चांदीपुऱ्याचाच विषाणू असल्याचे सिद्ध झाले. ताप, उलट्या, झटके आणि बेशुद्धी, असा या रोगाचा क्रम असतो. पुष्कळदा एक-दोन दिवसांतच सारे आटोपते. त्यावर औषध नाही, लसही नाही.

यवतमाळ जिल्ह्याने हे दुरून पाहावे अशी स्थिती नाही. पांढरकवडा आणि झरी जामणी तालुक्यांपलीकडे तेलंगणची हद्द लागते, नागपूरही दूर नाही, आणि विषाणू वाहून नेणारी सँडफ्लाय ही डासाहून बारीक माशी मातीच्या भिंतींच्या भेगांत राहते. अशा भिंती या जिल्ह्याच्या वाडीवस्तीत आजही पुष्कळ आहेत. भेगा लिंपणे आणि फवारणी करणे ही कामे ग्रामपंचायतींनी करावयाचीच आहेत. परंतु प्रौढ माणसे सुटतात आणि लहान मुलेच का बळी पडतात, या मूळ प्रश्नाचे उत्तर फवारणीने मिळणार नाही.

ते उत्तर शोधू लागले की वाट उंदराच्या पिंजऱ्यापाशी येते. हा विषाणू उंदराच्या तान्ह्या पिलांना मारतो. मोठा उंदीर मात्र, विषाणू थेट मेंदूत टोचला नाही तर, बहुधा तगतो. माणसाच्या मुलांशी असलेले हे साम्य विचार करावयास लावणारे आहे. संशयाची एक सुई इंटरफेरॉनकडे वळते. १९५७ साली लंडनमध्ये आयझॅक्स आणि लिंडेनमन यांनी हा पदार्थ ओळखला. विषाणूने ग्रासलेली पेशी तो सोडते आणि शेजारच्या पेशी त्यामुळे सावध होतात. परंतु हाक ऐकण्यासाठी कान हवा. पेशीच्या पृष्ठभागावरील रिसेप्टर, म्हणजे ग्राही प्रथिन, हाच तो कान. १९९४ साली ज्यांच्यात हा ग्राहीच नाही असे उंदीर संशोधकांनी जनुकात बदल करून तयार केले, तेव्हा चांदीपुऱ्याच्या विषाणूचा चुलतभाऊ शोभेल असा, गुरांच्या तोंडाला फोड आणणारा एक विषाणू त्यांना अत्यल्प मात्रेतही मारक ठरला. मग तान्ह्या पिलात नेमके काय उणे असते? इंटरफेरॉन कमी पडते, की कान अधू असतो, की विषाणूच काही कावा करतो?

हे तपासण्यासाठी लागणारे साधन म्हणजे उंदराचे, प्रयोगशाळेत घडविलेले ग्राही प्रथिन. ग्राहीचा पेशीबाहेर डोकावणारा भाग ज्या जनुकात लिहिलेला असतो, तो जिवाणूत किंवा सस्तन प्राण्याच्या पेशीत घालावयाचा, तिच्याकडून प्रथिन करवून घ्यावयाचे आणि ते शुद्ध करावयाचे. असे मोकळे प्रथिन इंटरफेरॉनला पकडते. त्याने इंटरफेरॉनचे कार्य अडवून पाहता येते आणि ग्राही ओळखणारी प्रतिपिंडे तयार करता येतात. माणसाचेच प्रथिन का वापरू नये, असे कोणी विचारील. माणसाचे इंटरफेरॉन उंदराच्या पेशीवर नीट चालत नाही. दोघांची कुलपे वेगळी आहेत. उंदराच्या प्रयोगाला उंदराचीच किल्ली लागते.

अशा कुप्या आपल्या प्रयोगशाळा बहुतांशी परदेशी कंपन्यांकडून मागवितात. शंभर मायक्रोग्रॅम, म्हणजे ग्रॅमचा दहा हजारावा भाग, एवढ्यासाठी डॉलरचा भाव, सीमाशुल्क, मध्यस्थाची दलाली आणि कित्येक आठवड्यांची प्रतीक्षा. मोठ्या संस्थेला ते परवडते. जिल्ह्याच्या ठिकाणी एम.एस्सी. करणाऱ्या विद्यार्थ्याचा प्रयोग मात्र मागणीपत्रकावरच संपतो.

हे काम महाराष्ट्राला जमणारे नाही, असे म्हणण्यास आधार नाही. २००९ साली राष्ट्रीय विषाणुविज्ञान संस्थेतील शास्त्रज्ञांनी चांदीपुऱ्याच्या विषाणूचेच प्रथिन पुनर्संयोजनाने घडवून ते लस म्हणून उंदरांवर तपासले. मार्च २०२० मध्ये करोनाच्या तपासणी संचांची टंचाई असताना पुण्याच्या एका कंपनीने स्वदेशी संच बाजारात आणला. पुण्याचेच राष्ट्रीय पेशीविज्ञान केंद्र देशभरच्या संशोधकांना पेशी पुरविते. पेशी पुरविता येतात, तर प्रथिने का नकोत?

आक्षेप आहे, आणि तो खोटा नाही. परदेशी कुपीची प्रत पारखलेली असते. घरी केलेल्या दोन खेपा सारख्या निघतीलच असे नाही, आणि बिघडलेल्या प्रथिनावर उभारलेला निष्कर्ष नसलेलाच बरा. ग्राहकही थोडे, म्हणून खासगी कारखानदार यात पडणार नाही. परंतु नेमक्या याच कारणासाठी हे काम सरकारी अनुदानाने व्हावयास हवे. १९८३ साली स्थापन झालेल्या अमरावती विद्यापीठाच्या कक्षेत यवतमाळची महाविद्यालये येतात; सूक्ष्मजीवशास्त्र व जैवतंत्रज्ञान शिकणारी मुले तेथे आहेत आणि पदवीनंतर त्यांतील कित्येकांना औषध कंपनीच्या विक्रीप्रतिनिधीची पेटी उचलावी लागते. यवतमाळात १९८९ पासून शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे. विद्यापीठाने पुण्याच्या संस्थांच्या देखरेखीखाली एकच प्रथिन हाती घ्यावे, उंदराच्या इंटरफेरॉन ग्राहीचे. पहिली खेप परदेशी कुपीशेजारी ठेवून दोन वेगळ्या प्रयोगशाळांत तपासावी आणि निकाल, बरा येवो वा वाईट, छापावा. दुसरी खेप पहिलीशी जुळली, तरच ती इतरांना द्यावी.