68 पौंडांची नोकरी

रविवारी रात्री साडेअकराला फोन वाजला की समजायचं, ताई! माझी मावसबहीण. इंग्लंडात रेडिंगला असते. तिच्याकडे तेव्हा संध्याकाळचे सहा वाजलेले असतात आणि जिजू भांडी घासत असतात (हो, घासतात!). एरवी आमचे विषय ठरलेले. मावशीचे गुडघे, माझं न जमणारं लग्न आणि तिकडचा पाऊस. या वेळी मात्र तिने थेट बॉम्बच टाकला.

‘‘मला ऑफर आलीये. पगार थोडा जास्त, ऑफिस घरापासून दहा मिनिटांवर. पण मी नाही म्हणणारेय.’’

‘‘का गं?’’

‘‘अगं, व्हाउचर जाईल ना!’’

आता हे व्हाउचर म्हणजे मॉलमधलं नव्हे. ब्रिटनमध्ये बऱ्याच कंपन्या चाइल्डकेअर व्हाउचर देत. तुमच्या पगारातून महिन्याला जास्तीत जास्त 243 पौंड वळते करायचे, तेवढ्याची व्हाउचर्स घ्यायची आणि ती पाळणाघराला द्यायची. फायदा असा, की त्या रकमेवर इन्कम टॅक्सही नाही आणि नॅशनल इन्शुरन्सही नाही.

दुसरी सोय होती टॅक्स क्रेडिटची. कमी कमाईच्या नोकरदार कुटुंबांना पाळणाघराच्या खर्चातला 70 टक्क्यांपर्यंतचा वाटा सरकार देई. गोची अशी, की व्हाउचरने भरलेली फी त्या खर्चात धरली जात नसे. म्हणजे एचआरने हसत हसत दिलेलं व्हाउचर घेतलं, की तिकडे सरकारी मदत कमी! जास्त पगारवाल्यांना व्हाउचर बरं, कमी पगारवाल्यांना बहुतेक वेळा क्रेडिट बरं, असा साधारण हिशेब.

ताई-जिजूंना ही निवड कधी करावीच लागली नाही. कामाच्या व्हिसावर गेलेल्या आपल्या मंडळींच्या व्हिसावर ‘नो रिकोर्स टू पब्लिक फंड्स’ असा शिक्का असतो. टॅक्स क्रेडिट हा सरकारी पैसा, त्यामुळे दार बंद. व्हाउचर मात्र स्वतःच्याच पगारातलं, त्यामुळे चालायचं. 2018च्या उन्हाळ्यात दोघांनी आपापल्या कंपनीत नाव नोंदवलं. नशीब बघा, 4 ऑक्टोबर 2018ला नवी नोंदणी बंद झाली! आत असलेल्यांना राहता येतं, पण एक मोठी अट आहे. नोकरी तीच हवी. 2020मध्ये जिजूंनी नोकरी बदलली आणि त्यांचं व्हाउचर गेलं. तेव्हापासून ताईने तिचं व्हाउचर सोन्याच्या बांगडीसारखं जपलंय. दोन वर्षांपूर्वी एक चांगली संधी सोडली, तीही याच कारणाने.

मी काही सीए नाही. मास कॉमला असताना गणिताशी ब्रेकअप झालंय. पण तरी कागद घेतला. म्हटलं, बांगडी वजन करून तर बघू!

ताईच्या टॅक्स स्लॅबला 20 टक्के इन्कम टॅक्स आणि 8 टक्के नॅशनल इन्शुरन्स वाचतो. 243चे 28 टक्के म्हणजे महिन्याला 68 पौंड. बस्स. एवढंच!

आता पर्याय. टॅक्स क्रेडिट्स 5 एप्रिल 2025ला कायमची संपली. कमी कमाईवाल्यांसाठी त्यांची जागा युनिव्हर्सल क्रेडिटने घेतली, त्यात 85 टक्क्यांपर्यंत खर्च मिळू शकतो. आणि ताईसारख्यांसाठी 2017पासून आहे टॅक्स-फ्री चाइल्डकेअर. ऑनलाइन खातं उघडा, तुम्ही 8 पौंड टाका, सरकार 2 टाकतं. एका मुलामागे वर्षाला 2000 पौंडांपर्यंत. इथे नोकरी कुठली हा प्रश्नच नाही. माझ्यासारख्या फ्रीलान्सरलाही चालतं! फक्त दोघांपैकी एकाचीही कमाई वर्षाला एक लाख पौंडांवर जाता कामा नये, आणि दर तीन महिन्यांनी ‘आमची परिस्थिती तीच आहे’ असं कळवायचं. ताई-जिजूंना कायम वास्तव्याची परवानगी 2021मध्येच मिळालीये, म्हणजे हे दार त्यांना उघडंच होतं.

दोन्ही एकदम मात्र घेता येत नाही. आणि व्हाउचर सोडलं की परत मिळत नाही. ताईला नेमकी हीच भीती.

पण मला पडलेला प्रश्न साधा होता. ‘‘ताई, महिन्याचं बिल किती?’’

मोठा आठ वर्षांचा, शाळेनंतरच्या क्लबचे 250. धाकटी सव्वा वर्षाची. इंग्लंडात सप्टेंबर 2025पासून नोकरदार आईबाबांच्या नऊ महिन्यांपुढच्या बाळांना वर्षातले 38 आठवडे, आठवड्याला 30 तास फुकट मिळतात. ते वजा करून नर्सरीचे 450. एकूण 700. त्याचे 20 टक्के म्हणजे 140 पौंड. व्हाउचरच्या दुप्पट!

दोन वर्षांपूर्वी धाकटी नव्हती, बिल होतं 300. तेव्हा नव्या योजनेत 60 मिळाले असते, व्हाउचरने 68 मिळत होते. म्हणजे त्या नोकरीला नाही म्हटलं ते महिन्याच्या 8 पौंडांसाठी.

पलीकडे बराच वेळ शांतता. मागे फक्त भांड्यांचा आवाज.

मग ती हळूच म्हणाली, ‘‘मला वाटायचं, निदान हे एक तरी आपल्या हातात आहे. आई सहा महिन्यांच्या व्हिसावर येते आणि जाते. मग सासूबाई येतात आणि जातात. व्हाउचर तेवढं राहतं.’’

यावर कागदावर काय लिहायचं, मला सुचलं नाही.

तुमच्यापैकी कुणी तिकडे असेल आणि अजून व्हाउचर धरून बसलं असेल, तर ताईचा फॉर्म्युला घ्या. घरात एकच व्हाउचर, स्लॅब 20 टक्क्यांचा आणि बिल 340 पौंडांच्या आत? मग धरून ठेवा. बिल त्याच्या वर? मग टॅक्स-फ्री चाइल्डकेअरकडे वळा. दोघांकडेही व्हाउचर असेल, तर हा आकडा दुप्पट होतो. आणि मूल अकरा वर्षांचं झालं, की पुढच्या 1 सप्टेंबरनंतर नवी योजना थांबते, हेही लक्षात ठेवा.

इकडच्यांसाठी पण एक होमवर्क. पगाराच्या स्लिपवरचं कुठलं ‘बेनिफिट’ तुम्हाला त्या खुर्चीला बांधून ठेवतंय? कॅब? कॅन्टीन? इन्शुरन्स? एकदा आकडा काढा. कदाचित खरंच मोठा निघेल. पण नाही निघाला तर?

परवा ताईचा मेसेज आला. बुधवारी, चक्क ऑफिसच्या वेळेत. ‘हो म्हटलं. आता साडेपाचला नर्सरीच्या दारात मी असेन.’

खाली आणखी एक ओळ. ‘आईला सांगू नकोस, मी सांगते. आणि तुझ्या लग्नाचं काय?’