आघाडी सांभाळणाऱ्यांच्या पाठीमागे

मुरुडच्या मैदानावर कबड्डीचा डाव रंगला म्हणजे गजर होतो तो चढाईपटूच्या नावाचा. कोपऱ्यातल्या गड्याची पकड सुटू लागताक्षणी झेपावून ती पक्की करणारा कव्हर मात्र धूळ झटकून निमूटपणे आपल्या जागी परततो. हे ज्यांनी वर्षानुवर्षे पाहिले आहे, त्यांना गोव्याचे फुटबॉलपटू महेश गवळी यांच्या कारकीर्दीचे मोल पटविण्यास फार शब्द खर्ची घालावे लागू नयेत.

जमशेदपूरच्या टाटा फुटबॉल अकादमीत तयार झालेले गवळी हे बचावपटू. २००३ च्या जुलैत जाकार्ता येथे थायलंडच्या बीईसी टेरो सासाना संघास ३-१ असे नमवून ईस्ट बंगालने आसियान क्लब अजिंक्यपद जिंकले, तेव्हा गोल करणारे ओकोरो, भूतिया आणि अल्विटो सर्वतोमुखी झाले. त्याच संघाच्या बचावफळीत गवळीही होते. पुढे ते डेंपो क्लबात आले, आणि समीर नाईक यांच्यासारख्या तितक्याच चिवट सहकाऱ्यासह त्यांनी तेथे दीर्घकाळ चाकरी बजावली. २००७-०८, २००९-१० व २०११-१२ अशी आय-लीगची तीन अजिंक्यपदे त्या काळातली.

उत्तम बचावपटू प्रतिस्पर्ध्याच्या अंगावर धावून जात नाही. पाऊल आवरून, अंग किंचित तिरके ठेवून, नजर चेंडूवरून न ढळविता तो त्याला कडेच्या रेषेकडे रेटीत नेतो, आणि जो गोल होतच नाही, त्याची नोंद कोणत्याही दप्तरी पडत नाही. या खेळातला हा अन्याय मला नेहमीच सलत आला आहे.

म्हणूनच २०२३ च्या सॅफ स्पर्धेचे मला अप्रूप. भारताचे प्रमुख प्रशिक्षक इगोर स्टिमाच यांच्यावर लाल कार्डापायी बंदी आली, आणि बंगळुरूच्या कंठीरवा मैदानावर उपांत्य व अंतिम सामन्यात संघाची सूत्रे साहाय्यक प्रशिक्षक गवळी यांच्या हाती आली. सहकारी जागा सोडून गेला असता ती भरून काढण्याचे, म्हणजे उभ्या आयुष्यात केलेलेच काम त्यांच्या वाट्यास आले. लेबनॉनला पेनल्टींवर हरविले. ४ जुलैला कुवेतशी १-१ अशी बरोबरी झाल्यावर गुरप्रीतसिंग संधू यांनी अखेरची पेनल्टी अडवून ५-४ असा विजय मिळविला, तेव्हा भारताच्या बाजूस प्रमुख म्हणून एक बचावपटू उभा होता, याचा मला मनःपूर्वक आनंद झाला.