वाचता येते, पण कळते काय?

तिसरी इयत्ता पूर्ण करणाऱ्या प्रत्येक मुलाला समजून वाचता आले पाहिजे, असे उद्दिष्ट केंद्र शासनाने जुलै २०२१ मध्ये 'निपुण भारत' अभियानाद्वारे जाहीर केले आणि त्यासाठी २०२६-२७ या वर्षाची मुदत घालून घेतली. मुदतीचे वर्ष आले की सरकारी यंत्रणेत जी लगबग सुरू होते ती महाराष्ट्राला नवी नाही. तक्ते भरले जातात, टक्केवाऱ्या वर सरकतात आणि जिल्ह्याजिल्ह्यांत चढाओढ लागते. तिसरीच्या मुलाने मिनिटाला किमान ६० शब्द अर्थासह वाचावेत, अशी या अभियानाची कसोटी आहे. यातले शब्द घड्याळ लावून मोजता येतात. अर्थ तसा मोजता येत नाही. जे मोजता येते ते टिकते आणि जे मोजता येत नाही ते वाटेत गळून पडते, हा आपल्या मोहिमांचा आजवरचा अनुभव आहे. 'अर्थासह' हा एकच शब्द गळून पडला, तर उरेल ते काय, याचा विचार वेळीच झालेला बरा.

परिस्थिती मुळातच गंभीर आहे. 'प्रथम' या संस्थेच्या 'असर' पाहणीनुसार ग्रामीण भारतातील सरकारी शाळांत तिसरीत शिकणाऱ्या मुलांपैकी दुसरीच्या पातळीचा मजकूर वाचू शकणारी मुले २०२२ मध्ये १६.३ टक्के होती. २०२४ मध्ये हे प्रमाण २३.४ टक्के झाले. पाचवीत ते याच काळात ३८.५ टक्क्यांवरून ४४.८ टक्क्यांवर आले. कोरोनाकाळातील पडझड भरून निघत आहे, हे समाधानाचे आहेच. तथापि या पाहणीत मुलाला मुख्यतः परिच्छेद आणि गोष्ट मोठ्याने वाचावयास देतात, हे विसरून चालणार नाही. म्हणजे जी मुले या कसोटीस उतरली, त्यांनाही वाचलेले कळलेच, असे त्यावरून ठरत नाही.

काही वर्षांपूर्वी एका तालुक्याच्या गावी चौथीच्या वर्गात बसण्याचा योग आला. एका मुलीने धडा असा खणखणीत वाचला की ऐकणाऱ्याने खूष व्हावे. पाठाखालच्या दोन प्रश्नांची उत्तरेही तिने अचूक दिली. मग पुस्तक मिटून 'गोष्टीत काय झाले ते आम्हांला सांग बरे,' असे म्हटल्यावर ती बराच वेळ गप्प राहिली आणि अखेरीस धड्याचे पहिले वाक्य पाठ म्हणू लागली. शिक्षक ओशाळले. वस्तुतः दोष त्यांचा नव्हता, त्या मुलीचा तर नव्हताच. तिला जे शिकविले गेले होते ते तिने चोख केले होते.

हे कसे घडते, ते वाचकांनी स्वतःवरच पडताळून पाहावे. 'गुंबड्या सकाळपासून झिपरीत भुरकत होता.' या वाक्याला काहीही अर्थ नाही. पण गुंबड्या कोठे भुरकत होता, असे विचारले तर आपण तत्काळ 'झिपरीत' असे उत्तर देऊ. केव्हापासून? सकाळपासून. दोन्ही उत्तरे बरोबर, दोन्ही गुण पदरात. आणि समजले मात्र शून्य! आपल्या पाठ्यपुस्तकांतील आणि चाचण्यांतील बहुसंख्य प्रश्न या जातीचे असतात. प्रश्नातला शब्द धड्यात शोधावा, त्याच्या आगेमागे असेल ते वहीत उतरावे, ही युक्ती मुले दुसरीतच आत्मसात करतात आणि पुढे दहावीपर्यंत तिच्यावर निभावून नेतात.

मराठीत हा भ्रम अधिक पक्का होतो, याला आपली लिपीही कारण आहे. इंग्रजीत अक्षर आणि उच्चार यांचा मेळ बसता बसत नाही. देवनागरीत बाराखडी आणि जोडाक्षरे एकदा बसली की मूल समोरचे जवळजवळ काहीही उच्चारू शकते. पालक सुखावतात, तपासणीस आलेले साहेब शेरा लिहून जातात. पण देवनागरीतसुद्धा नुसत्या अक्षरज्ञानाने भागत नाही. 'जग' हे दोन अक्षरी उदाहरण घ्या. 'सारे जग' म्हणताना 'ज'चा उच्चार एक होतो आणि 'सुखाने जग' म्हणताना दुसरा. लिहिलेले तेच; अर्थ कळल्याखेरीज उच्चारसुद्धा ठरत नाही.

हे दुखणे केवळ आपले नाही. अमेरिकेत डोलोरेस डर्किन यांनी १९७८-७९ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात प्राथमिक वर्गांत प्रत्यक्ष बसून वेळेची नोंद केली. तेव्हा आकलन शिकविण्यासाठी दिलेला वेळ एक टक्क्याहूनही कमी भरला. प्रश्न विचारले जात होते, उत्तरे तपासली जात होती, स्वाध्याय सोडविले जात होते. परंतु मजकुराचा अर्थ कसा लावावा, हे कोणी दाखवीत नव्हते. आकलनाची परीक्षा घेणे म्हणजेच आकलन शिकविणे, ही ती गल्लत होय. विहिरीत ढकलून 'पोहता येते का' असे विचारण्याला कोणी पोहणे शिकविणे म्हणत नाही.

मग शिकवावे कसे? एक साधा मजकूर घेऊ. 'आभाळ भरून आले. आजीने अंगणातल्या कुरडया घाईघाईने गोळा केल्या.' आजीने काय गोळा केले, हा प्रश्न निरुपयोगी. आजीने घाई का केली, हा खरा प्रश्न. कारण त्याचे उत्तर मजकुरात कोठेही लिहिलेले नाही. पाऊस येणार, वाळवण भिजणार, वर्षाची बेगमी वाया जाणार, हे दुवे वाचणाऱ्याने स्वतःच्या अनुभवातून जोडावयाचे आहेत. सुजाण वाचक हे नकळत करतो. शिक्षकाने ते मुलांदेखत, बोलून करावे. 'आभाळ भरून आले म्हणजे काय होणार बरे? आता आजी काय करील?' असे थांबत थांबत, स्वतःशी विचार करीत वाचून दाखवावे आणि हळूहळू ते काम मुलांच्या हाती सोपवावे. पॅलिंक्सर आणि ब्राउन या दोन अभ्यासक स्त्रियांनी १९८४ मध्ये हीच रीत चार कृतींत बांधून दिली: वाचलेले थोडक्यात सांगणे, त्यावर आपणच प्रश्न काढणे, अडलेले उलगडणे आणि पुढे काय येईल याचा अंदाज बांधणे. मुलांनी आळीपाळीने शिक्षक व्हावयाचे, एवढीच तिची सामग्री. तिला संगणक लागत नाही की निविदा काढावी लागत नाही.

मात्र तिला मुलाचे अनुभवविश्व आणि त्याची भाषा लागते. कुरडया ज्याने कधी पाहिल्या नाहीत त्याला आजीची घाई कळणार नाही. पालघरच्या डोंगरातल्या वारली मुलासाठी अंगणात मोहाची फुले वाळत घातली, तर तोच मुलगा चटकन दुवा जोडील. मेळघाटातील कोरकू, नंदुरबारचे भिल्ल आणि पावरा, तांड्यावरचे बंजारा यांच्या घरची बोली पाठ्यपुस्तकात नसते. ऊसतोडीच्या हंगामात आईबापांबरोबर गाव सोडणाऱ्या मुलाचे तर पुस्तकही मागे राहते. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी बोर्डी व कोसबाड येथे शाळाच आदिवासी मुलांच्या अंगणात नेली. फलटण येथे प्रगत शिक्षण संस्था स्थापन करणाऱ्या मॅक्सिन बर्नसन यांनी मुलांना अर्थपूर्ण वाचनाकडे नेण्यासाठी आयुष्य वेचले. वाट दाखविणारी माणसे महाराष्ट्रात झाली नाहीत, असे नाही; त्या वाटेचा राजरस्ता मात्र आपण केला नाही.

यावर एक आक्षेप हमखास येतो. मुलांना अक्षरेच येत नाहीत, तेथे अर्थाची चैन कशाला? आधी वाचू द्या, मग समजेल. हा युक्तिवाद व्यवहारी वाटतो. पण तो फसवा आहे. गॉफ आणि टनमर यांनी १९८६ मध्ये मांडले त्याप्रमाणे आकलन ही अक्षरे उलगडण्याची क्षमता आणि भाषेची समज यांची बेरीज नसून गुणाकार आहे. गुणाकारात एक बाजू शून्य असली की उत्तर शून्यच. अक्षरओळख पक्की व्हावीच. तिची निकड कमी लेखण्याचे कारण नाही. पण अक्षरे शिकणाऱ्या पहिलीच्या मुलालाही रोज गोष्ट वाचून दाखविता येते, तीवर बोलते करता येते. ज्याने तीन वर्षे अर्थाविना वाचले, त्याची वाचन हे निरर्थक काम आहे अशी समजूत होऊन बसते आणि ती मोडून काढणे अक्षरे शिकविण्याहून अवघड असते.

शासनाला करण्याजोग्या गोष्टी फार नाहीत, पण त्या निश्चयाने कराव्या लागतील. तपासणी अधिकाऱ्याने घड्याळाबरोबर मुलांना न दिसलेली एक छोटी गोष्ट बरोबर न्यावी आणि 'तुझ्या शब्दांत सांग' एवढेच विचारावे. चाचण्यांत उतरून काढता न येणारे प्रश्न निम्मे तरी असावेत. पेटीत आणि कपाटात कुलूपबंद असलेली गोष्टींची पुस्तके मुलांच्या हाती पडावीत. ती फाटली म्हणून शिक्षकाकडून खुलासा मागू नये. अध्यापक विद्यालयांत आकलन कसे शिकवावे याचा प्रत्यक्ष सराव व्हावा. आणि ज्या शिक्षकाकडून हे सारे हवे, त्याचा दिवस माहिती भरण्यात आणि याद्या करण्यात संपू नये.

उद्या हीच मुले सातबारा उतारा, कर्जाचा करार, पीकविम्याच्या अटी, औषधाच्या वेष्टनावरील सूचना हातात घेतील. तेव्हा मिनिटाला किती शब्द वाचले, हे त्यांना कोणी विचारणार नाही. जो अडखळतो तो निदान दुसऱ्याला विचारतो. घडाघडा वाचूनही ज्याला कळत नाही, त्याला आपणांस कळलेले नाही हेसुद्धा कळत नाही. तो खाली सही करून मोकळा होतो. अंगठ्याच्या जागी सही आली, एवढ्यावर साक्षरतेचे समाधान मानणारा समाज फसवणुकीची सोयच करून ठेवीत असतो. मुदतीच्या वर्षात तक्ते जरूर भरावेत; पण एखादा रकाना रिकामा राहिला तरी चालेल, गोष्ट सांगताना गप्प राहिलेली ती मुलगी बोलती झाली पाहिजे.