सोदा नुसते पाहतात
जपानी माहितीपटकार काझुहिरो सोदा १९९३ साली न्यूयॉर्कला चित्रपट शिकायला गेले आणि तिथेच राहून जपानवर कॅमेरा रोखू लागले. जपानी टीव्हीसाठी माहितीपट करताना आधी संहिता, मग चित्रण, ही रीत त्यांना जाचली. मग स्वतःच नियम घातले: पूर्वसंशोधन नाही, संहिता नाही, निवेदन नाही, संगीत नाही. ‘कॅम्पेन’ (२००७) मध्ये कावासाकी पालिकेच्या पोटनिवडणुकीला उभा राहिलेला त्यांचा कॉलेजमित्र दिसेल त्याच्यापुढे वाकतो, स्वतःचं नाव घोकत राहतो, पक्षातल्या ज्येष्ठांची बोलणी खातो. सोदा मध्ये पडत नाहीत. प्रेक्षकावरचा हा विश्वास मला फार मोलाचा वाटतो. आपले बहुतेक माहितीपट तर निवेदकाच्या आवाजातून आपल्याला क्षणभरही सुटू देत नाहीत.