नाव गोंडवनाचे, विद्या परक्यांची!

चंद्रपूरचा खाणकामगार विभंग पुस्तकातून शिकत नाही. हाताशी आलेला कोळशाचा थर एकाएकी दगडी भिंतीपाशी संपतो आणि त्याचा उरलेला भाग वर वा खाली सरकलेला सापडतो. गडचिरोलीच्या सिरोंच्यावरून पुढे जाणारे प्राणहिता-गोदावरीचे खोरे ही तर विभंगांनीच घडवलेली प्राचीन खचदरी. गोंडवन हे मध्य भारतातले नाव साऱ्या जगाच्या भूविज्ञानाने उचलले. आपण त्या विज्ञानात काय कमावले?

तेलाच्या साठ्यात हा प्रश्न अधिक बिकट होतो. विभंग कोठे तेल अडवतो आणि कोठे वाट देतो, हे संगणकीय प्रतिमानात चुकले, तर कोट्यवधींची विहीर कोरडी निघते. ही प्रतिमाने बांधणारे, जगभर वापरले जाणारे ‘पेट्रेल’ हे सॉफ्टवेअर नॉर्वेत जन्मले. नॉर्वेला एकोफिस्कचे तेल १९६९ मध्ये गवसले, आपल्याला मुंबई हाय १९७४ मध्ये. अंतर अवघे पाच वर्षांचे! सुमारे ५५ लाख वस्तीच्या त्या देशाने तेलाबरोबर विद्याही उपसली. आपण मात्र आजही ८० टक्क्यांहून अधिक कच्चे तेल आयात करतो.

पैसा नाही, ही सबब टिकणारी नाही. नॉर्वेच्याच सिन्टेफ संस्थेची ‘एमआरएसटी’ ही प्रणाली सर्वांना विनामूल्य खुली आहे. २०११ मध्ये स्थापन झालेल्या गडचिरोलीच्या गोंडवाना विद्यापीठाने ती घेऊन आपल्याच खोऱ्याचे प्रतिमान का उभारू नये? स्वदेशी म्हणजे केवळ परक्या वस्तूंवरील बहिष्कार नव्हे. आपल्या भूमीचे पोट आपल्या बुद्धीने वाचणे, हेच खरे स्वदेशी!