कळ दाबण्याची विद्या

महाविद्यालयांतील अध्यापकांना नवीं यांत्रिक साधनें वापरण्याचें शिक्षण द्यावें, याविषयीं आज कोणाचेंच दुमत नाहीं. सरकार तसें म्हणतें, विद्यापीठें तसें म्हणतात, आणि संस्थाचालक तर इतक्या मोठ्यानें म्हणतात कीं, 'डिजिटल वर्गा'च्या छायाचित्रावांचून त्यांच्या माहितीपत्रकाचें पहिलें पान सजतच नाहीं. परंतु जेथें सर्वांचें एकमत असतें, तेथें विचार बहुधा थांबलेला असतो. प्रस्तुत प्रकरणीं तर तो अद्याप सुरूच झालेला नाहीं, असें आमचें स्पष्ट मत आहे.

गेल्या उन्हाळ्याच्या सुटींत असा एक प्रशिक्षणवर्ग पाहण्याचा योग आम्हांस आला. गांवाचें व संस्थेचें नांव सांगण्यांत अर्थ नाहीं. वाचकांनीं आपल्या जवळचें कोणतेंहि महाविद्यालय डोळ्यांपुढें आणावें, म्हणजे झालें. सभागृहांत रसायन, इतिहास, वाणिज्य, मराठी अशा नाना विषयांचे शंभरावर अध्यापक बसले होते. व्यासपीठावरील तरुण तज्ज्ञांनीं प्रश्नावली कशी तयार करावी, चित्रफीत कशी चढवावी, हजेरी आपोआप कशी नोंदवावी, हें पडद्यावर एकामागून एक कळ दाबून दाखविलें. तेव्हां मागच्या रांगेंतून इतिहासाचे एक वयस्क अध्यापक उठले व म्हणाले, "हें सर्व ठीक. पण पानिपतावर पराभव कां झाला, याचीं कारणें माझ्या मुलांना पाठ आहेत, समजलेलीं नाहींत. त्यावर यांत कांहीं उपाय आहे काय?" तज्ज्ञ हंसून म्हणाले, "सर, तें आपल्या विषयाचें झालें. आपण साधनांपुरतें बोलूं." या एका उत्तरांत सर्व प्रशिक्षणाचें मर्म आलें! सातव्या दिवशीं सर्वांस प्रमाणपत्रें मिळालीं. त्या वयस्क गृहस्थांसहि मिळालें. त्यांचा प्रश्न मात्र होता तेथेंच राहिला.

आम्ही यंत्रांचे शत्रु आहों, असा आक्षेप कोणी घेईल, म्हणून आधींच सांगतों कीं तसें मुळींच नाहीं. आमची तक्रार यंत्राविषयीं नसून, यंत्र आलें कीं शिक्षण आपोआप सुधारतें या भाबड्या समजुतीविषयीं आहे; आणि ही समजूत नवी नव्हे. चलच्चित्रांमुळें शाळेंतील पुस्तकें लौकरच निरुपयोगी होतील, असें भविष्य एडिसनसारख्या कल्पक पुरुषानें १९१३ सालीं वर्तविलें होतें. आपल्याकडे विद्यापीठ अनुदान आयोगाचा 'देशव्यापी वर्ग' १५ ऑगस्ट १९८४ पासून दूरदर्शनवर दिसूं लागला. २० सप्टेंबर २००४ रोजीं केवळ शिक्षणासाठीं 'एज्युसॅट' हा उपग्रह श्रीहरिकोट्याहून आकाशांत गेला. जुलै २०१७ मध्यें 'स्वयम्' हें अभ्यासक्रमांचें भांडार खुलें झालें. प्रत्येक वेळीं साधन आलें, समारंभ झाला, भाषणें झालीं. आणि आमच्या वर्गांत तासभर टिपणें सांगणारे अध्यापक व तीं खालीं मान घालून उतरून घेणारीं मुलें जशींच्या तशीं राहिलीं. २०२० च्या टाळेबंदींत तर या गोष्टीचें प्रदर्शनच झालें. जीं टिपणें फळ्यापुढें उभें राहून सांगितलीं जात, तींच भ्रमणध्वनीपुढें बसून सांगितलीं गेलीं. फरक इतकाच कीं, पूर्वीं जांभई देणारें मूल दिसत तरी होतें, आतां पडद्यावरील काळ्या चौकोनांत तेंहि दिसेनासें झालें. त्यांत अध्यापकांचा दोष किती होता? ज्यानें कळ दाबावयास शिकविलें, पण ती केव्हां व कशासाठीं दाबावी हें सांगितलें नाहीं, त्याचा दोष आम्ही अधिक मानतों.

ही 'केव्हां व कशासाठीं'ची विद्या म्हणजे कांहीं गूढ नव्हे. पुन्य मिश्रा व मॅथ्यू कोहलर या अमेरिकेंतील दोघां अध्यापकांनीं २००६ सालीं असें मांडलें कीं, विषयाचें ज्ञान, शिकविण्याचें ज्ञान व साधनाचें ज्ञान हीं तीन निरनिराळीं शिकवून भागत नाहीं. तिहींचा जेथें संगम होतो, तेथेंच खरें अध्यापन घडतें. कॅनडांतील नॅथॅनियल लॅस्री यांनीं २००८ सालीं प्रसिद्ध केलेला प्रयोग याहून बोलका आहे. पदार्थविज्ञानाच्या तासाला प्रश्न विचारावा, मुलांनीं उत्तर निवडावें, मग शेजाऱ्याशीं वाद करून तें पुन्हां निवडावें, अशी ती पद्धति. एका वर्गाच्या हातीं विजेवर चालणारीं उत्तरयंत्रें होतीं, दुसऱ्याच्या हातीं नुसतीं पुठ्ठ्याचीं कार्डें. मुलांच्या समजुतींत भर पडली ती दोन्हींकडे सारखीच! गुण प्रश्नाचा होता, वादाचा होता, यंत्राचा नव्हता.

एक साधें उदाहरण घ्या. कोलोरॅडो विद्यापीठाच्या 'फेट' प्रकल्पानें विजेच्या मंडलाचें एक हलतें चित्र संगणकावर विनामूल्य उपलब्ध करून दिलें आहे. एक अध्यापक तें उघडून दुसरा दिवा एकसरींत जोडतात व "पाहा, दोन्ही दिवे मंद झाले" म्हणून पुढें जातात. दुसरे अध्यापक जोडण्यापूर्वीं थांबतात व विचारतात, "काय होईल? पहिला दिवा मंद होईल, दुसरा होईल, कीं दोन्ही? लिहून ठेवा." निम्मा वर्ग चुकतो, चिडतो, भांडतो, आणि मग कळ दाबली जाते. साधन तेंच, कळ तीच. परंतु पहिल्या वर्गांत करमणूक झाली, दुसऱ्यांत शिक्षण झालें. कळ दाबण्यापूर्वींचा तो प्रश्न ज्या प्रशिक्षणांत शिकवीत नाहींत, त्याला आम्ही प्रशिक्षण म्हणावयास तयार नाहीं. नोव्हेंबर २०२२ मध्यें 'चॅटजीपीटी' लोकांपुढें आल्यापासून तर या प्रश्नाचें मोल शतपट वाढलें आहे. कारण घरीं लिहावयाचा निबंध यंत्र क्षणांत लिहून देत असतां, कोणता प्रश्न विचारला असतां मुलाला स्वतःचें डोकें चालवावेंच लागेल, हें ठरविणें एकट्या अध्यापकाच्याच हातीं उरलें आहे.

मग असें शिक्षण कां दिलें जात नाहीं? कारण उघड आहे. अनुदान आयोगाच्या २०१८ च्या नियमावलीनें बढतीसाठीं अशा वर्गांची अट घातली. हेतु चांगला, परिणाम असा कीं, अध्यापकाला वर्ग हवा तो प्रमाणपत्रासाठीं, संस्थेला हवा तो अहवालासाठीं, आणि विद्यार्थी कोणाच्याच हिशेबांत नाहीं. चांगलें काम अशक्य आहे, असेंहि नव्हे. मुंबईच्या आयआयटीनें एकाच वेळीं दहा हजार अध्यापकांना शिकविण्याचा उपक्रम केला, तेव्हां कार्यशाळा विषयवार घेतल्या व दूरच्या केंद्रांच्या समन्वयकांना प्रथम स्वतः तयार केलें. म्हणजे संख्या मोठी असली तरी विषय सोडावा लागत नाहीं. सोडतो तो आळस.

याहून लाजिरवाणी गोष्ट निराळीच आहे. आमच्या अनेक महाविद्यालयांत शिकविण्याचा मोठा भार तासिका तत्त्वावरील अध्यापक वाहतात. त्यांस तास घेतला तर पैसे, न घेतला तर नाहीं; मग आठवडाभराच्या वर्गाला त्यांनीं पोटाला चिमटा घेऊन जावें काय? ज्यांच्या हातीं आपलीं मुलें खरोखर आहेत, त्यांनाच वगळून प्रशिक्षणाचे आंकडे फुगविणें ही शुद्ध आत्मवंचना होय.

आमचें मागणें थोडक्यांत आहे. प्रशिक्षण विषयवार व लहान गटांत व्हावें. प्रमाणपत्र सातव्या दिवशीं न देतां, अध्यापकानें एक सत्र आपल्या वर्गांत तें वापरून, सहकाऱ्यास तो तास दाखविल्यावर द्यावें. तासिकेवरील अध्यापकांस त्या दिवसांचे पैसे मिळावे. यांत नवा उपग्रह लागत नाहीं; लागते ती केवळ लाज.

आणि पालकहो, पुढच्या जूनमध्यें आपण प्रवेशासाठीं जाल, तेव्हां येथें पडदे किती आहेत, हें विचारूं नका; तें ते आपण होऊनच सांगतील. येथील अध्यापक मुलांना काय विचारतात, हें विचारा. उत्तर देतांना समोरचे गृहस्थ गोंधळले, तर माहितीपत्रकावरील छायाचित्राची किंमत आपणांस तेथेंच कळून येईल.