कोण बघतंय एवढं?

आष्टीत बसून मी रंगीत पेन्सिलींनी माशांची चित्रं काढून देतो. मागच्या वर्षी पुण्याहून एक मागणी आली. वडील दुधनेत गळ टाकायचे; त्यांनी धरलेल्या एका मोठ्या मरळीचं चित्र मुलाला दिवाणखान्यात लावायचं होतं. सोबत इंटरनेटवरून उतरवलेला एक फोटो. फोनवर मागून त्याच्या आई म्हणाल्या, "तिच्या शेपटीलाही डोळा होता बरं का." फोटोतल्या मरळीला तो नव्हता. तसं सांगितलं, तर मुलगा म्हणाला, "दादा, कोण बघतंय एवढं? फोटोसारखं हुबेहूब काढा, झालं."

माझं भांडण या वाक्याशी आहे.

आईंनी सांगितलेला 'डोळा' म्हणजे शेपटीच्या बुडाशी असलेला, फिकट कडेचा काळा ठिपका. चन्ना मारुलियस या मरळीची ती खूण. तिची बहीण चन्ना स्ट्रायाटा. तिला असा डोळा नसतो आणि अंगावरच्या पार्श्वरेषेतले खवलेही कमी भरतात. बाजारात दोघीही मरळच. पण वडिलांच्या गळाला लागली होती ती एकच.

मग हुबेहूब कशासारखं? फोटोतला मासा बहुतेक वेळा मेलेला असतो, रंग उतरलेला, ओल्या खवल्यांवर फ्लॅशचे पांढरे डाग. मरळ हवेतून श्वास घेते, म्हणून पाण्याबाहेरही बराच वेळ तग धरते. मी भोयांकडून जिवंत मरळ आणतो, टबात सोडतो आणि आधी नुसता बघत बसतो. खवल्यांच्या कडा पांढऱ्या ठेवायच्या तर शाई संपलेल्या रिफिलने कागद आधी दाबून घ्यावा लागतो. रंग त्या खाचेत उतरत नाही. पाठीच्या काळेपणासाठी काळी पेन्सिल चालत नाही, पाठ मेल्यासारखी दिसते. निळीवर तपकिरी, तपकिरीवर पुन्हा निळी, असे थर द्यावे लागतात. यात आठवडे जातात. त्यावर ऐकायचं काय? "पेन्सिलीचंच तर चित्र!"

कुणी म्हणेल, ही बापाची आठवण आहे, प्राणिशास्त्राचा पेपर नाही. मान्य. पण या घरात आठवण कुणाची पक्की होती? आईंची. इतक्या वर्षांनी त्यांना तो ठिपका आठवत होता. मुलगा तोच पुसायला सांगत होता, आणि तोही वडिलांच्या नावाने.

कर्नल सायक्सने दख्खनच्या माशांवर लिहिलं, ते 1841 मध्ये लंडनला चित्रांसह छापून आलं. त्याने माशांना दिलेली 'खुद्री', 'मसुल्ला' ही शास्त्रीय नावं इथल्याच लोकांच्या तोंडची. या माशाला वेगळं नाव आणि त्या माशाला वेगळं, हे ठरवणारे लोक नदीकाठी होते. त्यांनी बघितलं होतं म्हणून सायक्सला लिहिता आलं. आणि 'मसुल्ला' म्हणजे नक्की कोणता मासा, यावर अभ्यासक पुढे कितीतरी वर्षं वाद घालत राहिले. मासा खाल्ला जातो, सडतो. मागे उरतं ते चित्र. ते खोटं असेल तर खोटंच उरतं.

वर्षानुवर्षं मीही फोटो गिरवून पैसे घेतले आहेत, म्हणून हे सोवळेपणाने सांगत नाही. या वेळी मात्र आगाऊ घेतलेले पैसे परत केले. आता माझ्या अटी दोनच: पाणी कुठलं ते सांगा, आणि ज्याने मासा बघितला त्याच्याशी मला बोलू द्या.

कोण बघतंय एवढं? आईंनी बघितलं होतं. आणि चित्र त्यांच्याच घरात लागणार होतं.